मागून येत नाई, पुढून येते

आमच्या घरमालकांना कोणी "भाऊ, कसे आहात?" असं विचारलं, की ते आधी नंबर मागत. नवा माणूस मोबाइलचा नंबर सांगू लागे. ते हात वर करून त्याला थांबवत. "तो नाई. दोन आकडी. कोनताही." माणूस गोंधळून म्हणे, "बेचाळीस." भाऊ गंभीरपणे "बेचाळीस" म्हणत आणि मग आपला देत, "माझा एकोनसत्तर. बोला." त्याने "एकोणसत्तर" म्हटलं की मगच तब्येतीची बातमी मिळे, आणि ती कायम एकच असे : "फाटक बंद हाय. गाडी यायची हाय."

ते रेल्वेत गेटमन होते. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लाइनीवर एक फाटक त्यांच्याकडे होतं. फाटकाशेजारच्या कोठडीत एक फोन होता. गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर त्यावरून सांगत, अमुक गाडी येते आहे, फाटक लावा, आणि सोबत एक दोन आकडी नंबर देत. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. गेटमनने निरोप जसाच्या तसा परत म्हणायचा, नंबर परत म्हणायचा, फाटक लावायचं आणि आपल्या छापील कागदावरचा पुढचा नंबर मास्तरांना द्यायचा. मास्तरांनी तो परत म्हणायचा. वापरलेल्या नंबरावर काट मारायची. दोघांनी एकमेकांचं नीट ऐकलं याची ती पावती. भाऊंनी हे काम तीस वर्षांहून जास्त केलं आणि एवढ्या काळात त्यांची अशी खात्री झाली, की जगात इतर ठिकाणी माणसं एकमेकांचं ऐकतात याला काहीच पुरावा नाही.

मी सुरतेत, त्यांच्या बमरोलीतल्या घरात वरच्या खोलीत अकरा वर्षं राहतो आहे. महापालिकेच्या मराठी शाळेत मी शिक्षक आहे. आमच्या गल्लीला दोन्ही बाजूंनी लूमचे कारखाने, त्यामुळे तिथे सगळे ओरडूनच बोलतात. माझा आवाज मुळात बारीक. मी काही बोललो की लोक "हां?" म्हणतात. भाऊ एकटेच असे होते की ज्यांना माझं पहिल्यांदाच ऐकू येई. ते मला मास्तर म्हणत. "मास्तर दोन जातीचे," ते सांगत. "एक नंबर देते अन् एक मार्क देते. नंबर देनारा बरा. तो परत विचारते तरी."

घरातही हाच कायदा होता. वहिनींनी "जेवायला या" म्हटलं तर ते जागचे हलत नसत.

"नंबर?"

"सत्तावीस!" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडत.

"सत्तावीस. पन नंबर रोज बदलाचा असते."

"नवरा बदलला काय रोज? एकच हाय न. मंग नंबरही एकच."

ते दोघंही मूळचे अकोल्याकडचे. इतकी वर्षं सुरतेत काढून त्यांची बोली जशीच्या तशी राहिली होती. मुलगी मात्र इथलीच. कापड मार्केटमधल्या एका दुकानात ती कॉम्प्युटरवर बसे, मैत्रिणींशी गुजरातीत बोले आणि बापाशी तिन्ही भाषांत भांडे. "पप्पा, हवे बस करो ने," ती म्हणे, "आता पुरे. लोक हसतात." भाऊ म्हणत, "हसू दे. रडाले लागले तं सांग."

फाटकावर तर त्यांचं राज्यच होतं. बंद फाटकाशी येऊन जो सगळ्यात जास्त हॉर्न वाजवी, त्याच्या खिडकीपाशी ते चालत जात आणि काळजीने विचारत, "क्या हुआ, बिगड गया क्या? बंद ही नहीं होता?" काही लोक मोटारसायकल आडवी करून दांड्याखालून वाकून जात. भाऊ त्यांना ओरडत नसत. ते पलीकडे जाऊन उभे राहत आणि वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "सुखी राहा. एवढं वाकून मले घरचंही कोनी नमस्कार करत नाई." ओशाळलेला माणूस पुन्हा तिथून वाकून गेला असं मी तरी पाहिलं नाही.

मुलीला बघायला हजीऱ्याच्या कारखान्यात नोकरी करणारा मुलगा आला, तेव्हा मुलाच्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे चौकशी केली. "आपण कुठे असता?"

"फाटकापाशी."

"नाही, म्हणजे मूळ गाव?"

"ते फाटकाच्या पलीकडं."

वहिनींनी आतून भांडं आपटलं. मुलाचे वडील मात्र खूश झाले. ते स्वतः चाळीस वर्षं गिरणीच्या खडखडाटात राहिलेले, विचारलेलं शब्दशः ऐकून दिलेलं उत्तर त्यांनाही कमीच मिळालं असावं. लग्न ठरलं.

हे सगळं मी मुद्दाम आधी सांगतो आहे. पुढे जे झालं ते आमच्या इतक्या उशिरा लक्षात का आलं, हे त्याशिवाय कळणार नाही.

एका रविवारी वहिनी जेवायला बोलावत होत्या. "नंबर?" "सत्तावीस." "बहात्तर," भाऊ म्हणाले.

"सत्तावीस!"

"सत्याहत्तर."

"आता नंबरही उलटे झाले काय? बसा मंग बहात्तरसंगं," असं म्हणून वहिनींनी एकटीचं ताट वाढून घेतलं. भाऊ मग आपणहून येऊन जेवले.

हे दोन-तीन महिने चाललं. नंबर चुकत. काही शब्दही. मुलगी म्हणाली, "पप्पा, येताना ब्लाउजपीस आणा, मोरपंखी." ते म्हणाले, "हो, आनतो न. निळं-हिरवं." आणि बरोबर मोरपंखीच आणलं. ऐकलेलं त्यांना कळत होतं, काम ते करत होते, फक्त ऐकलेला शब्द परत येत नव्हता. विहारातल्या रविवारच्या वंदनेत बौद्धाचार्य एक ओळ म्हणत आणि सगळे मागून म्हणत. भाऊ भलतंच काहीतरी पुटपुटत. बौद्धाचार्यांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "थट्टा गल्लीत करा. इथं नको." भाऊ म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." पुढच्या रविवारी ते विहारात गेलेच नाहीत.

वहिनी एक दिवस वर माझ्याकडे आल्या. "मास्तर, तुमचं ऐकतात ते. सांगा न त्यायले, आता वय झालं, पोरीचं लग्न आलं. उठसूट काय हे उलटं बोलनं?"

मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "दुर्लक्ष करा, वहिनी. आपण हसलो नाही की आपोआप थांबतील."

मी फार कमी सल्ले देतो. तो एक दिला नसता तर बरं झालं असतं.

फाटकावरचा तो दिवस मला नीट आठवतो. सकाळी दहाची वेळ, मी स्कूटरवर शाळेत निघालो होतो. फाटक बंद. माझ्यापुढे साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो, रिक्षा, दुधाच्या गाड्या, आणि मागे बघता बघता अर्धा किलोमीटर रांग. गाडी काही येईना आणि फाटक काही उघडेना. वीस मिनिटं झाली, मग अर्धा तास. लोक गुजराती, हिंदी आणि मराठीत शिव्या देऊ लागले. एक टेम्पोवाला म्हणाला, "काकाने आजे मस्ती चढी छे." मी स्कूटर लावून पुढे गेलो.

भाऊ कोठडीबाहेर खुर्ची टाकून बसले होते. फाटकाची किल्ली शर्टाच्या खिशात, खिशाला बटण लावलेलं.

"भाऊ, काय चाललंय? लोक खवळलेत."

"मास्तर, एक नंबर बोला."

"भाऊ, मला शाळेत—"

"बोला न एक."

"त्रेपन्न."

"पस... पस्तीस."

"त्रेपन्न."

"पंच... तेप... पस्तीस," ते म्हणाले.

मला हसू आलं. मी हसलोच. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

"साहेबानं फोनवर चार खेप सांगतलं," ते म्हणाले. "आतापर्यंत दुसऱ्या खेपेले तरी बरोबर निघे, आज निघतच नाई. मले ऐकू येते. कळते. आत नंबर बसते. पन तोंडातून दुसराच निघते. म्या साहेबाले सांगतलं, मी नंबर परत देऊ नाई शकत, म्हनून फाटक उघडनार नाई अन् गाडी सोडू नोका. दुसरा मानूस पाठवा. तो येईपर्यंत असंच."

एवढं सगळं ते एकही शब्द न अडखळता बोलले. म्हणूनच कोणाचा विश्वास बसत नव्हता. मागून कोणीतरी ओरडलं, "एवढं लेक्चर देता येतं अन् एक नंबर येत नाही?"

दुसरा गेटमन आला, त्याने फोन घेतला, नंबर परत म्हटला. मग गाडी गेली, फाटक उघडलं. जाणारा प्रत्येक टेम्पोवाला भाऊंकडे बघून काही ना काही बोलून गेला. भाऊ सगळ्यांना हात जोडत होते. मी त्या दिवशी शाळेत गेलो नाही.

सरकारी इस्पितळात मेंदूच्या डॉक्टर म्हणून एक तरुण गुजराती बाई होत्या. वहिनी आणि मी भाऊंच्या दोन्ही बाजूंना बसलो.

"काका, मैं जो बोलूँ वही बोलना. आज मंगलवार है."

"हाँ मॅडम. कल बुधवार."

"नहीं, वही शब्द. आज मंगलवार है."

"वही तो. सोमवार कल गया."

वहिनींनी त्यांना कोपराने ढोसलं. "अवो, इथं तरी वात्रटपना सोडा!" डॉक्टरांनी हातानेच वहिनींना थांबवलं. त्या पुढे झुकून हळू म्हणाल्या, "मंगल."

"मगल... बंगल... मंगळ... जंगल." भाऊंच्या कपाळावर घाम आला.

"अच्छा, रहने दो. एक से बीस तक गिनिए." भाऊंनी एका दमात म्हटलं आणि वीसला थांबवलं नसतं तर बहुधा शंभरपर्यंत गेले असते. वार म्हटले, महिने म्हटले, तेही न चुकता. पण "बीस बोलिए" म्हटलं की तीस निघे.

"ये सब कब से है?" डॉक्टरांनी वहिनींना विचारलं.

"शादी हुई तब से," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या, मग त्यांना कळलं आणि त्या खाली बघून हसल्या. मग त्यांनी तपासण्या लिहून दिल्या.

तपासण्यांनंतर पुन्हा गेलो तेव्हा त्या हसल्या नाहीत. डाव्या बाजूला गाठ होती. त्यांनी कागदावर दोन चौकोन काढले आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक वाकड्या रेघा. हा भाग ऐकलेलं समजणारा, हा बोलणारा. दोन्हींना जोडणारे तंतू या वाटेने जातात. गाठ त्यांच्यावर दाब देते आहे आणि ते सुकत चालले आहेत.

भाऊंनी कागद जवळ ओढला. "मतलब स्टेशन मास्टर ठीक है. गेटमन भी ठीक है. फोन का वायर खराब."

"बिलकुल ऐसा ही है, काका."

"फिर तो मैं मेडिकल फिट हूँ."

डॉक्टरांनी संगणकावर एक चित्र दाखवलं. त्यात मेंदूतले तंतू निळ्या, हिरव्या, लाल रंगांत गुच्छासारखे पसरलेले होते, आणि एका जागी ते विरळ होऊन वाकले होते. वहिनी पडद्याजवळ गेल्या. दहा मिनिटं रडून झाल्यावरचा त्यांचा चेहरा होता. "मॅडम, इसमें शरारत का कौनसा रंग?"

"वो इसमें नहीं दिखती, आंटी."

"दिसली असती तं तेवढीच काढाले सांगतली असती," वहिनी मला म्हणाल्या.

गाठ काढावी लागणार होती. पण सुकलेले तंतू परत येणार नव्हते, आणि ऑपरेशनमध्ये आहे ते बोलणंही जाण्याची शक्यता बरीच होती, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भाऊंनी एकच विचारलं : मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आहे, थांबता येईल का? डॉक्टर म्हणाल्या, दोन महिने नाही. सूज उतरवायच्या गोळ्या देते, तीन आठवडे. एक दिवस जास्त नाही.

लग्न तीन आठवड्यांच्या आत घ्यायचं ठरलं. मुलाच्या वडिलांनी हो म्हणायला एक मिनिटही घेतलं नाही.

इस्पितळाबाहेर बाकावर बसून भाऊ मला म्हणाले, "मास्तर, लग्नात त्रिशरन-पंचशील सगळे मागून म्हनतात. नवरदेव-नवरी म्हनतात, मायबाप म्हनतात, वऱ्हाडी म्हनतात. माह्या पोरीच्या लग्नात मी मुका उभा राहू काय?"

उत्तरही त्यांना सुचलं. "मले मागून म्हनता येत नाई. पुढून येते."

ते खरं होतं. ड्यूटीमुळे विहारात जाणं व्हायचं नाही, म्हणून वर्षानुवर्षं ते कोठडीत एकटेच पंचशील म्हणत आले होते. ते त्यांना अंकांसारखंच, वारांसारखंच पाठ होतं. एकदा सुरू झालं की आपोआप पुढे जाई. मध्येच कोणी एक शब्द सांगितला की खाडकन बंद पडे. मी एकदा मदत करायला म्हणून दुसऱ्या शीलाचा पहिला शब्द सांगितला, तर त्यांची सकाळ वाया गेली. "मास्तर, तुम्ही माहे मित्र हाय न? मंग सांगत जाऊ नोका."

बौद्धाचार्यांना पटवणं सोपं नव्हतं. ते आमच्या भागातले अत्यंत काटेकोर गृहस्थ. गिरणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शेकडो लग्नं लावली होती आणि एकाही लग्नात त्यांचा एकही उच्चार चुकला नव्हता, असं ते स्वतः सांगत.

"वधूपित्याने शील देण्याची पद्धत नाही," ते म्हणाले.

"पद्धत बंद कोनी केली? बंद करनं माहं काम."

"आणि तुम्हाला म्हणता येत नाही, हे मी स्वतः पाहिलंय."

"मागून नाई येत. पुढून येते."

"पुढून चुकलं तर?"

भाऊंनी यावर विचार केला. "चुकलं तं लोक मागून चूकच म्हनतील. त्यायचं तं बरोबरच झालं न. जसं सांगतलं तसं."

बौद्धाचार्यांनी चष्मा काढून पुसला. विहारात ज्या माणसाला त्यांनी थट्टा करू नका म्हणून सुनावलं होतं, त्या माणसाचा आजार आता त्यांना कळला होता आणि ते त्यांच्या मनाला लागलं होतं. "त्रिशरण मी देईन," शेवटी ते म्हणाले. "पंचशील तुम्ही. बाकीचा विधी माझा. आणि मध्ये विनोद नको."

"विनोद मी कधी केला?" भाऊ म्हणाले.

ऑपरेशन लग्नानंतर पाचव्या दिवशी झालं. डॉक्टरांनी भीती घातली होती तसंच झालं, बोलणं बहुतेक गेलं. पुढे आठ महिने भाऊ होते. त्या आठ महिन्यांत फार थोडे शब्द उरले आणि तेही नको तिथे निघत. वहिनी जेवायला बोलावत तेव्हा ते हात वर करत, वहिनी नंबर सांगत आणि ते न बोलता ताटावर येत. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. मी अजून वरच्याच खोलीत राहतो. त्या आठ महिन्यांबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. लग्नाबद्दल मात्र येतं.

लग्न पांडेसऱ्यातल्या एका हॉलमध्ये होतं. अकोल्याहून नातेवाईक आले होते, हजीऱ्याहून मुलाचे सोबती. दोनशे माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. स्वयंपाक तयार होता आणि त्याचा वास हॉलभर पसरला होता, त्यामुळे वातावरणात जरा घाई होती. भाऊंनी मला आपल्या मागे उभं केलं. माझ्या हातात वंदनेची छोटी पुस्तिका होती आणि मला सक्त ताकीद होती : पुस्तिका धरायची, तोंड उघडायचं नाही.

बौद्धाचार्यांनी त्रिशरण दिलं. सगळे मागून म्हणाले. भाऊ ओठ मिटून उभे होते. मग बौद्धाचार्यांनी माइक त्यांच्याकडे दिला. भाऊंनी डोळे मिटले.

पहिलं शील सुरळीत गेलं. त्यांनी म्हटलं, दोनशे माणसांनी मागून म्हटलं. दुसरं गेलं. तिसरं, चौथं. मुलगी हात जोडून उभी होती. तिने डोळे उघडून बापाकडे पाहिलं, तर तो पूर्वी फाटकावर दिसायचा तसाच दिसत होता, सगळा रस्ता आपल्या हुकमात असल्यासारखा.

पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. ते 'सुरामेरय' या शब्दाने सुरू होतं. दारूबंदीच्या राज्यात ते म्हणताना लोक तसे निर्धास्त असतात. भाऊंनी श्वास घेतला आणि माइकमधून स्पष्ट आवाजात म्हटलं, "सुरत..."

"सुरत..." दोनशे माणसं म्हणाली.

भाऊंनी मान हलवली. चूक त्यांना ऐकू आली होती, ऐकायला त्यांना कधीच अडचण नव्हती. त्यांनी दुरुस्त केलं. "सुरमे..."

"सुरमे..." हॉल म्हणाला.

"सुरतमेरय..."

"सुरतमेरय..." लोक अतिशय श्रद्धेने म्हणाले. अकोल्याच्या पाहुण्यांना वाटलं असेल, गुजरातेत असंच म्हणत असतील.

बौद्धाचार्य माझ्याकडे पाहू लागले. वहिनीही पाहू लागल्या. मुलाचे वडील, मुलगी, पहिल्या रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या उघड्या पुस्तिकेकडे पाहत होती. शब्द माझ्या अंगठ्याखाली होता. बौद्धाचार्य ओठांनी म्हणाले, सांगा. मी पुस्तिका मिटली आणि खाली पाहिलं. तो सगळा वेळ दहा-बारा सेकंदांचा असेल. मी मुलांना परीक्षेत उत्तर आठवेपर्यंत थांबलेलो आहे, पण वेळ इतका लांबलेला मला कधी वाटला नव्हता.

भाऊंनी पुन्हा श्वास घेतला आणि पहिल्या शीलापासून सुरुवात केली.

हॉलमध्ये थोडी चुळबुळ झाली. मग लोक मागून म्हणू लागले. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. आता भाऊंचा वेग वाढला होता, आपोआप चाललं होतं, आणि त्या ओघातच ते पाचव्यावर आले. "सुरामेरय," ते म्हणाले आणि न थांबता शील शेवटापर्यंत नेलं, लख्ख, एकही अक्षर न चुकता. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

पण मागच्या वेळी लोकांनी चुकलेलंच मन लावून पाठ केलं होतं. अर्धा हॉल म्हणाला "सुरामेरय" आणि अर्धा हॉल म्हणाला "सुरतमेरय". मुलाचे वडील सगळ्यात मोठ्याने.

भाऊंनी डोळे उघडले. त्यांनी सगळ्या हॉलवरून नजर फिरवली, मग व्याह्यांकडे पाहिलं आणि माइकमधून, अतिशय काळजीच्या स्वरात विचारलं, "आता तुमाले काय झालं?"

आधी मुलगी हसली. मग सगळा हॉल हसला, बौद्धाचार्यसुद्धा, आणि बराच वेळ कोणाला थांबता येईना. मुलगी हसता हसता रडायला लागली, तिचा नवरा तिला रुमाल शोधू लागला. भाऊ माइक धरून शांत उभे होते, रांग मोकळी व्हायची वाट बघत असल्यासारखे. आवाज खाली आल्यावर बौद्धाचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि हात जोडले.

"बरोबर होईपर्यंत घ्यावं लागेल," ते भाऊंना म्हणाले. "द्या."

भाऊंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोनशे भुकेली माणसं हात जोडून त्यांच्या मागून म्हणू लागली. मलाही तोंड उघडायची मनाई आता उरली नव्हती. मी म्हटलं, आणि माझ्या शेजारच्या माणसाने चमकून माझ्याकडे पाहिलं, इतक्या मोठ्याने म्हटलं.